टूडूइस्ट: तारखांचा पक्का, ध्येयांचा कच्चा

टूडूइस्ट हे कामांची यादी ठेवायचे ॲप आहे आणि यादी ठेवण्यात ते तरबेज आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण बहुतेक लोक ते यादीसाठी घेतच नाहीत. घरून काम सुरू होते, जाण्यायेण्याचे दोन तास वाचतात, ‘आता स्वतःचे काहीतरी करायचे’ असे ठरते आणि त्या भरात हे ॲप फोनवर येते. तीन आठवड्यांनी उघडून पाहिले तर वीजबिल, गॅसचा नंबर, मुलीच्या शाळेचा प्रोजेक्ट, क्लायंटचे इनव्हॉइस अशा सगळ्यांवर टिक झालेली असते. ‘कथा लिहिणे’ ही ओळ मात्र लाल तारखेसकट तिथेच बसलेली.

यात आळसाचा भाग थोडा आणि ॲपच्या रचनेचा मोठा. टूडूइस्टच्या लेखी प्रत्येक टिक सारखी. वीजबिल भरायला दोन मिनिटे लागतात आणि कथेला सहा आठवडे, पण दोन्हींसमोर तेच एक गोल वर्तुळ. संध्याकाळी पाच वाजता डोके थकले की हात कुठल्या वर्तुळाकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून हे ॲप वापरायचे तर त्यात ध्येये कशी लिहायची हे आधी ठरवावे लागते. ते जमले तर मोफत आवृत्तीतसुद्धा हे ॲप पैसे देण्याच्या लायकीचे काम करते.

आमिर सालिहेफेंदिच यांनी २००७ साली ते सुरू केले. त्यामागची डूइस्ट ही कंपनी स्वतःच वेगवेगळ्या देशांत घरी बसून काम करणाऱ्यांची आहे. ते फोनवर, संगणकावर आणि ब्राउझरमध्ये चालते. नेट नसतानाही लिहिता येते, नेट आले की सगळीकडे जुळते. वीज आणि वायफाय एकदमच जाणाऱ्या गावांत हा गुण छोटा नाही.

पाच खण

मोफत आवृत्तीत पाचच प्रोजेक्ट चालू ठेवता येतात. लोक या मर्यादेवर चिडतात, पण वैयक्तिक ध्येयांसाठी ती चांगली शिस्त आहे. नोकरी, घर, शिकणे, केव्हातरी आणि एक सर्जनशील काम, अशी वाटणी पुरते. सर्जनशील काम एकच. चित्रमालिका, पॉडकास्ट आणि कथा असे तिन्ही एकदम उघडले की रोज सकाळी ‘आज यातले काय’ यातच पंधरा मिनिटे जातात आणि तीच पंधरा मिनिटे सगळ्यात ताजी असतात. बाकी दोन ‘केव्हातरी’मध्ये ठेवा, तारीख न घालता. एक संपले की तो प्रोजेक्ट आर्काइव्ह करायचा. खण मोकळा होतो आणि आतला मजकूर हरवत नाही.

नोकरीच्या प्रोजेक्टमध्ये कंपनीची सगळी कामे उतरवू नयेत. ती ‘जिरा’सारख्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एखाद्या शीटमध्ये आधीच असतात. दोन ठिकाणी लिहिले की दोन्हीकडचे शिळे होते. इथे फक्त ‘आज मी कोणती तीन हातावेगळी करणार’ एवढेच.

ध्येयाला टिक नको

आता मुख्य गोष्ट. समजा ठरले की यंदा दिवाळी अंकासाठी चार हजार शब्दांची कथा द्यायची. बहुतेक संपादक साहित्य पावसाळ्यातच मागतात, म्हणून ३१ जुलै धरू. घरून नोकरी करताना एका ४५ मिनिटांच्या बैठकीत अडीचशे शब्द हा प्रामाणिक अंदाज आहे. पहिल्या खर्ड्याला सोळा बैठका लागतात. आठवड्यात पाच ठरवल्या तरी चारच होतात, एक दिवस कोणाचा तरी ताप किंवा ऑफिसची घाई खातेच. म्हणजे खर्ड्याला चार आठवडे. मग पुनर्लेखनाला आठ बैठका, म्हणजे आणखी दोन आठवडे. एकूण चोवीस बैठका, अठरा तास. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर एक आठवडा हातात राहतो, आणि तो लागतोच.

हे गणित ॲप करत नाही. ते आधी कागदावर करावे लागते. ते न करता ‘कथा पूर्ण करणे, ३१ जुलै’ असे एकच टास्क टाकले, तर ते ३० जुलैपर्यंत नजरेआड राहील आणि ३१ला अचानक समोर येईल.

टूडूइस्टमध्ये एक फारशी न वापरली जाणारी सोय आहे. टास्कच्या सुरुवातीला ताऱ्याची खूण आणि एक स्पेस टाकली की त्या ओळीसमोरचे वर्तुळ जाते. ती ओळ टिक करता येत नाही, नुसती वर बसून राहते. ध्येय तिथे लिहावे: ‘३१ जुलैपर्यंत ४,००० शब्द, २४ बैठका’. खाली टिक करण्याजोग्या फक्त बैठका: ‘कथा: ४५ मिनिटे’, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७:१५. बैठकीत दोनशे शब्द झाले की चारशे, की एक परिच्छेद खोडून पुन्हा लिहिला, याला टिकशी देणेघेणे नाही. वेळ दिला की टिक. शब्दांचा आकडा ठेवायचा असेल तर टास्कच्या कमेंटमध्ये टाकावा.

मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ साली मांडले की ‘जमेल तेवढे करा’पेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट दिले तर माणूस जास्त काम करतो. हे वाचून लोक सर्जनशील कामालाही ‘रोज पाचशे शब्द’ असा कोटा लावतात. पुढच्या अभ्यासांत लॉक आणि गॅरी लॅथम यांनीच त्याला मर्यादा घातली: काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, हातात कौशल्य अजून बसलेले नसेल, तर निकालाच्या उद्दिष्टापेक्षा शिकण्याचे उद्दिष्ट बरे. नोकरीच्या इनव्हॉइसला आकडा लावा, कथेला वेळ लावा.

टास्कचे शब्दही महत्त्वाचे. ‘कथा’ एवढेच लिहिले तर सकाळी ७:१५ला ते भिंतीसारखे दिसते. आदल्या दिवशी बैठकीवरून उठताना पुढची जागा लिहून ठेवावी: ‘कथा: आत्या दार उघडते तिथून, ४५ मिनिटे’. ॲपमध्ये ही ओळ बदलायला दहा सेकंद लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्या दहा सेकंदांचे व्याज मिळते.

‘एव्हरी’ आणि उद्गारचिन्ह

टूडूइस्टचे खरे वैभव म्हणजे तारीख शब्दांत लिहिता येते. (इथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, ॲपमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या.) ‘एव्हरी वीकडे ॲट ७:१५’ लिहिले की सोमवार ते शुक्रवारचा नेम लागला. ‘एव्हरी लास्ट वर्कडे’ म्हणजे महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. कॅलेंडर उघडून बोट फिरवत बसायला नको.

पण ‘एव्हरी’ आणि ‘एव्हरी!’ यांत फरक आहे, आणि तो माहीत नसल्याने निम्मे नेम बिघडतात. साधे ‘एव्हरी’ मूळ वेळापत्रकाला चिकटते. उद्गारचिन्ह जोडले की पुढची तारीख तुम्ही काम केले त्या दिवसापासून मोजली जाते. पाण्याच्या फिल्टरची काडतुसे दर तीन महिन्यांनी बदलायची असतील तर ‘एव्हरी! ३ मंथ्स’ हवे. यंदा पंधरा दिवस उशीर झाला तर पुढचीही पंधरा दिवस पुढे जायला हवी. दर शुक्रवारी क्लायंटला अहवाल जायचा असेल तर साधे ‘एव्हरी फ्रायडे’. अहवाल सोमवारी गेला म्हणून शुक्रवार हलत नाही.

कथेच्या बैठकीला साधे ‘एव्हरी’च बरोबर, पण त्यात एक खोट आहे. सोमवारची बैठक चुकली, मंगळ-बुधही चुकले, तर यादीत तीन थकीत बैठका दिसत नाहीत. एकच दिसते. गुरुवारी ती टिक केली की पुढची तारीख पडते आणि मधले तीन दिवस गायब. मनाला बरे वाटते, हिशेब मात्र खोटा होतो. टूडूइस्ट सवयी मोजणारे ॲप नाही आणि तसे दाखवायचा प्रयत्नही ते धड करत नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय भिंतीवरच असतो. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचे खाडे लिहितात, त्याच चौकोनात बैठक झाली तर एक फुली. चोवीस फुल्या मोजायला ॲप लागत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना त्या दिसतात, हा फायदा वेगळाच.

कर्मा बंद करा

टूडूइस्ट कामाचे गुण देते. त्याचे नाव ‘कर्मा’. फळाची अपेक्षा न धरण्याच्या शिकवणीशी त्याचा संबंध नाही, इथे फळच मोजले जाते. दिवसाला पाच आणि आठवड्याला पंचवीस टास्क असे लक्ष्य सुरुवातीला लावलेले असते. ते गाठले की गुण, सलग गाठले की साखळी, टास्क चार किंवा जास्त दिवस रखडले की गुण कापले जातात. गुण साठत गेले की ‘बिगिनर’पासून ‘एनलाइटन्ड’पर्यंत पदव्या.

कारकुनी कामांसाठी हे ठीक आहे. सर्जनशील कामासाठी घातक. कारण उघड आहे: गुण टिकचे मिळतात आणि ‘दूधवाल्याला पैसे’ ही टिक कथेच्या बैठकीएवढीच मोलाची. आठवडाभरात माणूस नकळत कामांचे तुकडे पाडायला लागतो. ‘मेल उघडणे’, ‘मेलला उत्तर देणे’, ‘फाइल जोडणे’ अशी तीन टास्क. आकडा वाढतो. सेटिंगमध्ये जाऊन कर्मा बंद करता येते, पहिल्याच दिवशी करावे. साखळी हवीच वाटत असेल तर निदान दिवसाचे लक्ष्य तीनवर आणा आणि सुट्टीचे वार नीट भरा. गणपतीच्या दिवसांत किंवा गावी जाताना व्हेकेशन मोड लावला की साखळी तुटत नाही.

‘टुडे’ची गर्दी

‘टुडे’ हे पान सकाळी उघडले आणि तिथे सात-आठपेक्षा जास्त ओळी दिसल्या तर दिवस बिघडलाच म्हणून समजा. गर्दी होते ती दोन कारणांनी. एक, प्रत्येक गोष्टीला तारीख घालायची खोड. ‘नवे पडदे बघणे’ याला तारीख कशाला? टूडूइस्टमधली तारीख म्हणजे ‘मी हे त्या दिवशी हातात घेणार’ असा शब्द. दुसरे कारण, थकीत कामांच्या वर असलेले ‘रिशेड्यूल’ बटण. एका फटक्यात सगळे लाल टास्क आजवर किंवा उद्यावर येतात. सोय छान आहे, पण सवय लागली की तेच सहा टास्क रोज उद्यावर ढकलले जातात. एखादे तीनदा पुढे गेले की तारीख बदलू नका, वाक्य बदला. ते फार मोठे असते, किंवा पहिली हालचाल अस्पष्ट असते, किंवा ते करायचेच नसते. तिसऱ्या प्रकारातले पुसून टाका.

प्राधान्याचे चार रंग आहेत: पी-१ लाल, पी-२ केशरी, पी-३ निळा, पी-४ बिनरंगी. चारही वापरू नयेत. दिवसाला एकच पी-१, आणि ती जागा नोकरीच्या सगळ्यात तातडीच्या कामाला न देता बैठकीला. नोकरीच्या तातडीला आठवण करून द्यायला मॅनेजर आहेच.

मोफत आवृत्तीत तीन फिल्टर, म्हणजे अटी घालून गाळलेल्या याद्या, मिळतात, ते असे लावावेत. पहिला ‘(टुडे | ओव्हरड्यू) & पी१’. दुसरा ‘टुडे & @मरगळ’. ‘मरगळ’ हे लेबल डोके न लागणाऱ्या कामांना: बिले, फाइली नावे देऊन ठेवणे, पार्सल परत करणे. दुपारी जेवणानंतर तीन वाजता हाच फिल्टर उघडायचा. लेबलांची नावे रोमनमध्येच ठेवली तर फिल्टर लिहिताना कीबोर्ड सारखा बदलावा लागत नाही. तिसरा ‘क्रिएटेड बिफोर: -३० डेज & नो डेट’, म्हणजे महिन्यापेक्षा जुनी, तारीख नसलेली कामे. रविवारी तो एकदा चाळला की केर निघतो.

दुकान बंद करणे

घरून काम करताना सुटायची वेळ कोणी सांगत नाही. यासाठी टूडूइस्टचे सबटास्क, म्हणजे एका टास्कखालची छोटी कामे, फार उपयोगी पडतात. ‘दुकान बंद’ नावाचे टास्क ‘एव्हरी वीकडे ॲट ६:३० पीएम’ लावा. त्याखाली चार सबटास्क: इनबॉक्स रिकामा, उद्याची तीन कामे, कथेची पुढची जागा लिहिणे, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत. मुख्य टास्क टिक केले की ते उद्यावर जाते आणि खालचे सबटास्क पुन्हा कोरे होऊन येतात. दर संध्याकाळी नवी यादी करायला नको. सबटास्क चारच ठेवा. दहा केले की साडेसहाची ही यादी आठ वाजवते.

इनबॉक्सचे काम दिवसभर मध्येच सुचलेले, कोणी सांगितलेले पकडून ठेवणे. संगणकावर ॲप उघडे असताना ‘क्यू’ हे अक्षर दाबले की लिहायची चौकट येते. फोनवर दुसऱ्या ॲपमधला मजकूर शेअर करून थेट टूडूइस्टमध्ये टाकता येतो. बेल वाजली, कुरिअर आले, कोणीतरी ‘संध्याकाळी येताना कोथिंबीर’ म्हणाले: बैठक चालू असताना ते लिहून टाकावे आणि परत फिरावे. त्या वेळी त्याला प्रोजेक्ट, रंग, तारीख लावत बसलात तर बैठक गेली.

मराठीत

ॲपचे मेनू मराठीत नाहीत. टास्क, प्रोजेक्ट, कमेंट देवनागरीत लिहिता येतात, शोधताही येतात. तारखा मात्र मराठीत समजत नाहीत. ‘उद्या सकाळी’ लिहिले तर ते नुसते वाक्य राहते. उपाय म्हणजे काम देवनागरीत आणि शेवटी तारीख इंग्रजीत.

काम रोमन मराठीत टाइप करणाऱ्यांना एक गंमत भेटते. ‘सात पाने तपासणे’ रोमनमध्ये लिहिताना ‘सात’साठी एस-ए-टी ही तीनच अक्षरे वापरली की ॲपला तो शनिवार वाटतो. शब्द रंगीत होतो आणि काम शनिवारवर जाते. रंगीत झालेल्या शब्दावर एकदा टॅप केले की तो पुन्हा साधा शब्द होतो. हे लक्षात न आल्याने ‘ॲप स्वतःच तारखा बदलते’ अशी तक्रार होते.

पैसे द्यावेत का

पहिले तीन महिने नाही. ‘प्रो’ या पैसे भरायच्या आवृत्तीत तीन गोष्टी खरोखर कामाच्या आहेत. कामाला किती वेळ लागेल ते लावता येते, आठवडा कॅलेंडरसारखा दिसतो आणि ‘हातात घ्यायची तारीख’ व ‘शेवटची तारीख’ वेगळ्या ठेवता येतात. यातली तिसरी सगळ्यात मोलाची. ३१ जुलै ही शेवटची तारीख, १२ जून ही हातात घ्यायची, आणि या दोन्हींची सरमिसळ हेच बहुतेक फसलेल्या संकल्पांचे कारण असते. मोफत आवृत्तीत हेच काम त्या बिनवर्तुळाच्या ओळीत तारीख लिहून भागते. एआयने कामाचे तुकडे पाडून देण्याची सोयही प्रोमध्ये आहे. तिच्यासाठी पैसे देऊ नयेत, कारण तुकडे पाडताना जो विचार होतो तोच ध्येयाचा अर्धा भाग आहे.

आधी गुगल कॅलेंडरमध्ये ‘गोल्स’ नावाची सोय होती. आठवड्यातून तीनदा गिटार एवढे सांगितले की ती मोकळी वेळ शोधून भरायची. २०२२ साली गुगलने ती काढून टाकली आणि तिची जागा टूडूइस्टने भरलेली नाही. मोकळी वेळ तुम्हालाच शोधावी लागते. मायक्रोसॉफ्ट टू डू पूर्ण मोफत आहे आणि त्यातले ‘माय डे’ पान रोज मध्यरात्री आपोआप कोरे होते. ज्यांना लाल तारखा पाहून धडकी भरते त्यांनी तेच घ्यावे. तारखा शब्दांत लिहिण्यात आणि फिल्टरमध्ये मात्र ते टूडूइस्टच्या मागे आहे. नोशन या नोंदी आणि याद्यांच्या ॲपमध्ये हवे ते बांधता येते, म्हणूनच लोक कथा लिहायच्या ऐवजी नोशन बांधत बसतात.

सोडून जायचे ठरले तर प्रत्येक प्रोजेक्ट सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची, फाइल म्हणून बाहेर काढता येतो. त्या फाइलमध्ये फक्त न झालेली कामे येतात, टिक केलेली येत नाहीत. त्यामुळे कमेंटमध्ये जपलेले शब्दांचे आकडे आधी वेगळे उतरवून घ्या. आणि ती फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र अक्षरे दिसू शकतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, मराठी जागेवर येते.